पोळ्याच्या दिवशी सुट्टी कुणाला?

२०२५ चा पोळा २२ ऑगस्टला, शुक्रवारी आला. एक दिवसाची रजा टाकून आणि शनिवार-रविवार जोडून मी पुण्याहून मुकुटबनला गेलो होतो. दुपारी चारच्या सुमारास तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहायला लागल्या. शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. आमची जोडी रांगेत सातवी होती. कासरा काकांच्या हातात, आणि बाजूला बाबा नवा सदरा घालून उभे. कुणीतरी झडती म्हणायला सुरुवात केली, लोक हसले, आणि त्याच वेळी माझा फोन थरथरला.

लियॉनमधल्या आमच्या क्लायंटचा बिलिंगचा एक जॉब अडकला होता. त्या आठवड्याची ऑन-कॉल पाळी माझी होती. बदली मिळाली नव्हती, म्हणून लॅपटॉप सोबतच आणला होता. मी लियॉनच्या टीम लीडला मेल टाकला. क्षणात उत्तर आलं, अर्थात तिच्याकडून नाही, तिच्या मेलबॉक्सकडून: मी १ सप्टेंबरपर्यंत रजेवर आहे, या काळात मेल वाचणार नाही, तातडीचं काम असेल तर खालच्या पत्त्यावर कळवा. खालचा पत्ता आमच्याच टीमचा होता.

मारुतीच्या पारावर बसून, फोनचं नेट लॅपटॉपला जोडून मी ते काम निस्तरलं. डोकं वर केलं तेव्हा अंधार पडला होता. पोळा कधीच फुटला होता. घरी आलो तर काका गोठ्यात होते. बैलांना पुरणपोळी चारून झाली होती, आता झुली काढून घड्या घालणं चाललं होतं. आदल्या दिवशीची खांदशेकणी त्यांनीच केली होती, आणि त्या दिवशी पहाटे चारला उठून नाल्यावर बैलही त्यांनीच धुतले होते. मी म्हटलं, ‘‘काका, आज तरी बसा जरा.’’

ते हसले. म्हणाले, ‘‘बैलाची सुट्टी हाय बाबू, माही नाही.’’

काका आमचे सालदार. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेला शेतगडी. करार गुढीपाडव्याला सुरू होतो आणि पुढच्या पाडव्याला संपतो. आमच्याकडे ते चौदा वर्षांपासून आहेत. त्यांचं ते वाक्य मला झोपू देईना, कारण त्या संध्याकाळी ते माझ्याबाबतीतही खरं होतं. फरक एवढाच की मी ज्यांची सुट्टी सांभाळत होतो ते बैल नव्हते, फ्रेंच होते.

*

लियॉनला मी २०२३ मध्ये जानेवारी ते ऑगस्ट असा राहिलो. प्रोजेक्टचं काम समजून घ्यायला कंपनीने पाठवलं होतं. मुकुटबनच्या मुलाला फ्रान्स म्हणजे आयफेल टॉवर आणि सिनेमातली गाणी. प्रत्यक्षात पहिला धडा पाव घेताना मिळाला. बेकरीत शिरलो आणि सरळ बोटाने पाव दाखवला. बाई माझ्याकडे बघून फक्त ‘‘बोंजूर’’ म्हणाल्या आणि थांबल्या. मी पुन्हा पाव दाखवला. त्या पुन्हा ‘‘बोंजूर’’ म्हणाल्या. तिसऱ्यांदा कळलं की आधी नमस्कार, मग पाव. समोर उभं आहे ते पावाचं यंत्र नाही, माणूस आहे, एवढंच त्यांना माझ्याकडून कबूल करून घ्यायचं होतं.

दुसरा धडा जेवणाचा. पहिल्याच आठवड्यात मी जागेवर डबा उघडला. शेजारची सहकारी म्हणाली, ‘‘इथे असं जेवायला कायद्याने बंदी आहे.’’ मला वाटलं गंमत करतेय. पण फ्रान्सच्या कामगार कायद्यात खरोखर तसं कलम आहे: काम करायच्या जागी कामगारांना जेवू द्यायचं नाही. कोविडच्या काळात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, ते तात्पुरतं शिथिल करावं लागलं होतं, कारण लोकांना एकत्र बसवणंच धोक्याचं झालं होतं. बारा वाजले की ऑफिस रिकामं व्हायचं. तासभर जेवण, त्यात पाव, चीज, निवडणुका, कुणाच्या आजीची पाककृती, सगळं. कामाचं कुणी बोललं तर बाकीचे तोंड वाकडं करायचे.

आणि तिसरा धडा रस्त्यावरचा. मी तिथे असतानाच निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्याचा कायदा आला. मार्चमध्ये सरकारने राज्यघटनेतलं ४९.३ हे कलम वापरून, शेवटचं मतदान न घेताच, तो पुढे रेटला. आठवड्यामागून आठवडे संप आणि मोर्चे. पॅरिसमध्ये सफाई कामगारांच्या संपामुळे कचऱ्याचे ढीग लागले. लियॉनच्या मोर्चात मी विशीतली मुलं पाहिली. मी एकाला विचारलं, तुला निवृत्तीला चाळीस वर्षं आहेत, तू कशाला आलास? तो म्हणाला, आजीसाठी आलोय, आणि चाळीस वर्षांनी कुणीतरी माझ्यासाठी येईल म्हणून.

मला हे सगळं ऐषाराम वाटायचं. दोन वर्षांनी निवृत्त होण्यावरून एवढं रान पेटवायचं? माझ्या बाबांना निवृत्ती हा शब्द फक्त गुरुजींच्या आणि तलाठ्यांच्या संदर्भात माहीत आहे. शेतकऱ्याला निवृत्त करतात ते गुडघे.

*

विश्रांतीबद्दल माझ्या डोक्यात तोवर एकच हिशोब होता, बाबांचा. त्यांच्या मते विश्रांती ही मजुरी आहे. आधी घाम गाळा, मग सावलीत बसा. जेवढं काम तेवढीच झोप. हा हिशोब साधा आहे आणि त्यात न्याय आहे असं वाटतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, मी परत आलो त्यानंतर दोनच महिन्यांनी, नारायण मूर्ती म्हणाले की देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम केलं पाहिजे. आमच्या ग्रुपवर त्यावर बरेच मीम आले, पण बाबांना त्यात वावगं काही दिसलं नाही. ‘‘आम्ही काय कमी करून रायलो का?’’ एवढंच ते म्हणाले.

फ्रेंचांचा हिशोब वेगळा. त्यांच्या मते विश्रांती ही कमाई नाही, हक्क आहे. माणूस आहेस म्हणून मिळेल, चांगलं काम केलंस म्हणून नाही. मात्र हा हक्क त्यांना कुणी ताटात वाढलेला नाही. मार्च १९०६ मध्ये कूरिएरच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन १,०९९ माणसं मेली. त्यानंतर उसळलेल्या संपांच्या लाटेत, जुलै १९०६ मध्ये, आठवड्याला एक दिवस सुट्टीचा कायदा झाला. १९३६ च्या मे-जूनमध्ये लाखो कामगारांनी कारखान्यांतच ठाण मांडलं, तेव्हा वर्षाला दोन आठवडे पगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात स्वस्त रेल्वे तिकिटं काढून कित्येक कामगार कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. १९८२ पर्यंत दोन आठवड्यांचे पाच झाले. २००० च्या सुमारास ३५ तासांचा आठवडा आला. आणि १ जानेवारी २०१७ पासून ५० हून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन-मेल बंद ठेवण्याच्या हक्काबद्दल कामगारांशी वाटाघाट करणं बंधनकारक झालं.

हे वाचून ‘ते युरोप आहे, आपलं तसं नाही’ असं म्हणण्याआधी एक तारीख बघू. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. पहिली मागणी होती रविवारच्या सुट्टीची. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्यांनी मांडला होता असं सांगतात. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन बायकाही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे फ्रान्सच्या १९०६ च्या कायद्याच्या सोळा वर्षं आधी परळच्या गिरणी कामगाराने आपला रविवार मिळवला होता. आणि तेव्हाची मुंबई आजच्या मुंबईपेक्षा कितीतरी गरीब होती. आधी श्रीमंत होऊ, मग सुट्टी घेऊ, हा क्रम इतिहासात तरी दिसत नाही.

मला हे लोखंड्यांचं प्रकरण शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. रविवार मला आपोआप उगवणाऱ्या सूर्यासारखा वाटायचा. रविवार कुणीतरी भांडून आणलेला आहे हे मला लियॉनहून परतल्यावर कळलं.

*

इथपर्यंत मी फ्रेंचांच्या बाजूने होतो. विश्रांती हा हक्क आहे, ठीक. अडचण पुढे आहे.

लियॉनला रविवारी जवळपास सगळं बंद असायचं. उघडं असायचं ते आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं किराणा दुकान. मालक अल्जीरियातून आलेले, साठीचे. रात्री अकरापर्यंत काउंटरवर तेच. दूध, कांदे, ऐनवेळी लागणारी वाईन, सगळं त्यांच्याकडे. आणि रविवारी संध्याकाळी चौकात मोठ्या चौकोनी पिशव्या घेऊन जेवण पोचवणारी मुलं सायकलींवर उभी असायची. त्यांतली कितीतरी दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावर काम करायची, कारण स्वतःची कागदपत्रं नसायची. शहर निवांत जेवायचं, कारण ही माणसं जेवणाच्या वेळी रस्त्यावर असायची.

आणि ऑगस्टमध्ये फ्रान्स बंद व्हायचं, कारण पुण्यात आम्ही उघडे होतो.

२०१७ चा तो कायदा माझ्या टीम लीडला लागू आहे. तिच्याच प्रोजेक्टवर, तिच्याच जॉबसाठी, तिच्याच सुट्टीत जागणाऱ्या मला लागू नाही. कायदा सीमेवर थांबतो, काम थांबत नाही. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत असंच एक विधेयक मांडलं होतं, २०२५ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा मांडलं. खासगी सदस्याचं विधेयक असल्याने पहिल्या वेळी ते पुढे सरकलं नाही. पण समजा सरकलं असतं, तरी माझा प्रश्न उरतोच. मीही फोन बंद केला, तर तो जॉब कोण बघणार? बहुधा माझ्याहून स्वस्तात काम करणारा, आणखी कुठल्यातरी देशातला कुणीतरी. मग माझा हक्क म्हणजे काय? माझं जागरण दुसऱ्याकडे ढकलण्याची सोय?

हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलने म्हटलं होतं की आपण धावपळ करतो ती निवांतपणासाठी. म्हणजे फुरसत हा कामाच्या मधला विसावा नाही, फुरसत हेच ध्येय आणि काम हे साधन. विचार सुंदर आहे. पण त्याच ॲरिस्टॉटलने गुलामगिरीचं समर्थनही केलं, कारण कुणीतरी राबल्याशिवाय त्याच्या नागरिकांना फुरसत कुठून मिळणार? तो असंही लिहून गेला की मागाचे धोटे आपोआप विणू लागले, तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही.

गंमत अशी की धोटे जवळपास आपोआप चालायला लागले ते याच लियॉनमध्ये. १८०४ च्या सुमारास जोझेफ जाकार यांनी छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पत्त्यांवर चालणारा रेशमाचा माग तयार केला. कुठला धागा उचलायचा हे पत्त्यावरची छिद्रं ठरवायची. आम्ही ज्याला प्रोग्राम म्हणतो त्याचा हा पूर्वज. पुढे बॅबेज यांनी गणनयंत्रासाठी हीच कल्पना उचलली. मग विणकरांना फुरसत मिळाली का? १८३१ मध्ये लियॉनचे विणकर क्रुआ-रूसच्या टेकडीवरून खाली उतरले, शहर काही दिवस त्यांच्या ताब्यात होतं. मागणी काय होती? विणाईचा किमान दर ठरवा. म्हणजे आपल्या भाषेत हमीभाव. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातून आलेल्या मला ती टेकडी चढताना परकी वाटली नाही.

मीही दिवसभर तेच करतो. माणसाचं काम यंत्राकडून करून घेणाऱ्या ओळी लिहितो. आमचा तो बिलिंगचा जॉब ‘आपोआप’ चालतो. आणि तो आपोआप चालतोय ना हे बघायला एक माणूस पोळ्याच्या दिवशी पारावर बसतो. यंत्र वेळ वाचवतं, पण वाचलेला वेळ कुणाच्या वाट्याला जाईल हे यंत्र ठरवत नाही.

*

मी क्लायंटवर, कंपनीवर, ॲरिस्टॉटलवर बोट दाखवलं. आता घरी येतो.

मी शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये गच्चीवर पडून पुस्तकं वाचायचो. अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास केला, तेव्हा बाबांनी मला एक दिवसही शेतात बोलावलं नाही. ‘‘तू अभ्यास कर,’’ एवढंच. शेतात काका होते. पहाटेचं शेण, चारा-पाणी, वखर, डवरा, फवारणी, रात्री वीज आली की ओलित, पीक हातात यायच्या वेळी रानडुकरं आणि रोह्यांसाठी जागल. माझी पदवी मी मेहनतीने मिळवली असं मी मुलाखतींमध्ये सांगतो. ते खोटं नाही. पण त्या मेहनतीला लागणारा मोकळा वेळ कुठून आला हे मी कधी सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. काकांचा मुलगा माझ्याच वयाचा. तो दहावीनंतर शिकला नाही. आता गावाजवळच्या सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे पाळीत काम करतो. त्याला आठवड्याची सुट्टी असते. त्याच्या वडिलांना नाही.

लियॉनची ती बाई तिच्या समुद्रकिनाऱ्यावर मला विसरली, तसा मी माझ्या गच्चीवर काकांना विसरलो होतो. तिला निदान मी दिसत नव्हतो, सात हजार किलोमीटर लांब होतो. काका अंगणात होते.

त्या पोळ्याच्या रात्री मी जेवताना बाबांना म्हटलं, काकांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायला पाहिजे. बाबा चिडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘मंग त्या दिवशी जनावराचं कोण करन? तू येतं का पुण्याहून?’’

मी गप्प बसलो. कारण प्रश्न बरोबर होता. गाय रविवार बघून दूध द्यायची थांबत नाही. शेण साचायचं थांबत नाही. हॉस्पिटल, रेल्वे, वीज, गोठा, सर्व्हर, यांतलं काहीच थांबत नाही. विश्रांती हा हक्क आहे असं मोर्चात ओरडणं सोपं आहे. त्या दिवशीचं शेण कोण काढणार, याचं उत्तर त्या घोषणेत नसतं.

*

उत्तराचा एक तुकडा मला बेकरीच्या दारावर सापडला होता, फक्त तेव्हा कळला नव्हता.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीतली बेकरी तीन आठवडे बंद झाली. दारावर हाताने लिहिलेली चिठ्ठी होती: आम्ही सुट्टीवर आहोत, अमुक तारखेला उघडू, तोवर पाव पुढच्या चौकातल्या अमुक बेकरीत मिळेल. म्हणजे धंद्यातल्या स्पर्धकाचा पत्ता स्वतःच्या दारावर. नंतर वाचलं तेव्हा कळलं की पॅरिसमध्ये तर हे सरकारी नियमानेच चालायचं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळापासून, पावावाचून शहर पेटू नये म्हणून, बेकरीवाल्यांनी बंद कधी ठेवायचं यावर सरकारचं नियंत्रण होतं. अगदी २०१५ पर्यंत त्यांचे दोन गट केले जायचे. अर्धे जुलैमध्ये सुट्टीवर, अर्धे ऑगस्टमध्ये.

त्या नियमात विश्रांती ही मजुरी नाही आणि नुसता हक्कही नाही. ती पाळी आहे. तू बसशील तेव्हा मी भट्टीजवळ, मी बसेन तेव्हा तू. पाव कुणीतरी भाजणारच आहे, हे आधीच मान्य केलेलं. ठरवायचं एवढंच की भाजणारा नेहमी तोच नसावा.

हे आपल्याला परकं नाही. आपल्याकडे इर्जिक होतीच. एकाच्या शेतात सगळ्यांनी बैल घेऊन जायचं, काम उरकायचं, त्याने जेवू घालायचं, मग दुसऱ्याच्या शेतात. कष्ट वाटून घ्यायची रीत आपल्याला माहीत होती. विश्रांती वाटून घ्यायची रीत मात्र आपण फारशी बसवली नाही. शब्द तरी बघा: आपण सुट्टी ‘पाळतो’ आणि कारखान्यात ‘पाळी’ असते. दोन्ही एकत्र आले तर बरं होईल.

या उत्तरावर दोन आक्षेप मला दिसतात, आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला: पाळी म्हटलं की सक्ती आली. २०१८ मध्ये फ्रान्सच्या ओब जिल्ह्यातल्या एका छोट्या गावच्या बेकरीवाल्याला तीन हजार युरोंचा दंड झाला, कारण आदल्या उन्हाळ्यात त्याने आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडं ठेवलं. तिथल्या नियमाप्रमाणे एक दिवस बंद ठेवणं भाग होतं. पर्यटकांचा हंगाम होता, गावकरी आणि महापौरही त्याच्या बाजूने उभे राहिले. ज्याला राबायचंय त्याला राबू द्या ना, हे म्हणणं समजण्यासारखं आहे. पण एकाने सातही दिवस उघडं ठेवलं की शेजारच्याला पोटासाठी तेच करावं लागतं. आमच्या ऑफिसात रात्री दोनला मेलचं उत्तर देणारा एक हौशी असला, की महिन्याभरात ती सगळ्यांकडून अपेक्षा होते. एकट्याची निवड एकट्यापुरती राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. पाळी बरोबरीच्या माणसांत लागते. दोन बेकरीवाले एकमेकांना पाळी लावू शकतात. मालक आणि सालदार? लियॉन आणि पुणे? काका बाबांना म्हणू शकत नाहीत की आज तुम्ही शेण काढा. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याशी ठरवलेली पाळी ही पाळी नसते, ती हुकूम असते. म्हणूनच लोखंड्यांना सभा घ्यावी लागली, सह्या गोळा कराव्या लागल्या. एकट्या गिरणी कामगाराने मालकाशी रविवारची बोलणी केली असती, तर त्याला कायमचा रविवार मिळाला असता.

म्हणून माझं आजचं मत असं आहे: हक्क हवाच, कारण त्याशिवाय दुबळ्याला तोंड उघडता येत नाही. पण आपला हक्क वापरणाऱ्याने एक प्रश्न विचारणंही त्या हक्काचाच भाग आहे: मी बसलो तेव्हा कोण उभं राहिलं, आणि त्याच्या बसण्याच्या वेळी मी कुठे असेन? हा प्रश्न न विचारता घेतलेली सुट्टी बेकायदा नसते. पण ती पूर्णपणे आपलीही नसते. तिच्यात दुसऱ्याचा वाटा असतो, आणि तो देणं बाकी असतं.

*

मग मी काय केलं? फार नाही.

१ सप्टेंबरला टीम लीड परतली. मी तिला पहिल्यांदाच कामाशिवायचा मेल लिहिला. पोळा म्हणजे काय, तो त्यांच्या ऑगस्टमध्येच अनेकदा कसा येतो, आणि त्या दिवशी मी कुठे बसलो होतो, ते लिहिलं. पाठवताना हात थरथरला, क्लायंटला असं लिहायची आमच्यात पद्धत नाही. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिला खरंच माहीत नव्हतं. आमच्या कंपनीच्या कॅलेंडरवर त्या दिवशी सुट्टी नव्हती, आणि गेल्या चार वर्षांत आमच्यापैकी कुणीही तसं सांगितलं नव्हतं. आता आमच्या सणांची यादी त्यांच्याकडे आहे. दिवाळीच्या आठवड्यात ऑन-कॉल त्यांच्याकडे होता. आमच्या बाकीच्या प्रोजेक्टांवर अजून काहीही बदललेलं नाही, हेही सांगतो.

घरचं अवघड होतं. यंदाच्या पाडव्याला काकांचं साल पुन्हा ठरलं, तेव्हा मी मुद्दाम हजर होतो. बाबा आठवड्याच्या सुट्टीला तयार झाले नाहीत. महिन्यातून दोन दिवसांवर आले, पैसे न कापता. काकांनी लगेच हो म्हटलं नाही. ते म्हणाले, ‘‘मी घरी बसून काय करू?’’ त्यात नको म्हणणं किती होतं, लाज किती आणि भीती किती, मला सांगता येणार नाही. शेवटी त्यांच्या मुलाने सांगितलं की त्याच्या सुट्टीच्या दिवशीच बापाची सुट्टी धरा.

त्या दोन दिवशी गोठ्यातलं सगळं बाबा करतात. बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत आणि त्यांचा उजवा गुडघा दुखतो. म्हणजे माझ्या तत्त्वाची किंमत पुण्यात बसलेला मी नाही, तर मुकुटबनमधले बाबा देतायत. हे मला दिसतं. म्हणून महिन्यातल्या त्या दोनपैकी एका दिवशी गावी जायचं असं मी ठरवलं आहे. आतापर्यंत तीनदा जमलं, एकदा नाही.

पहिल्या खेपेला मी पहाटे पाचला उठलो. शेण काढलं, चारा टाकला, पाणी दाखवलं. बैल मला ओळखत नसल्यासारखे बघत होते. साडेसातला काका फाटकाशी येऊन उभे राहिले, नवा सदरा घालून, हात मागे बांधून. मी म्हटलं, ‘‘काका, आज सुट्टी आहे ना तुमची?’’

‘‘हाय ना. पाह्याले आलो.’’

ते आत आले नाहीत. फाटकावर टेकून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘गव्हाणीच्या मागचं राहलं बाबू,’’ आणि बाजाराच्या दिशेने निघून गेले.